माईंचा गाण्याचा वर्ग, लश्कर, ग्वाल्हेर: एका आजीचा अभिप्राय

मुलाला गाणं शिकवायचं आहे आणि त्यासाठी लागेल तेवढा वेळ द्यायची तयारी आहे, अशा पालकांनी या वर्गाचा विचार जरूर करावा. सहा महिन्यांत मूल स्टेजवर उभं राहिलं पाहिजे असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथं येऊ नये. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल.

मी सरकारी शाळेत गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. मुलगी आणि जावई दोघंही नोकरी करतात, त्यामुळे दहा वर्षांच्या नातवाला क्लासला नेणं-आणणं माझ्याकडे आलं. माई पालकांना वर्गात बसू देतात. मध्ये बोलायचं नाही आणि मोबाइल बाहेरच्या ओसरीवर ठेवायचा, एवढी अट. मी दर वेळी भिंतीला टेकून बसते. उभा जन्म वर्गात गेला, त्यामुळे गाण्याइतकंच शिकवण्याकडेही माझं लक्ष जातं, आणि हा अभिप्राय मुख्यतः शिकवण्याबद्दलच आहे.

नाव-पत्ता मी देत नाही, कारण माईंनी तशी विनंती केली आहे. खोली लहान आहे, फार मुलं मावत नाहीत, आणि दारात आलेल्या मुलाला नाही म्हणणं त्यांना जड जातं. लश्करातल्या चिटणीस की गोठ या वस्तीकडून आत शिरून ‘माईंचा क्लास’ विचारलं की कुणीही वाट दाखवतं.

आधी वेळेबद्दल, कारण पालकांच्या तक्रारी आणि पालकांचं कौतुक दोन्ही याच गोष्टीवरून ऐकू येतं.

वर्ग पाचला सुरू होतो. पाच म्हणजे पाच. पावणेपाचला दार उघडलेलं असतं आणि माई तंबोरा घेऊन बसलेल्या असतात. उशिरा आलेल्या मुलाला त्या रागावत नाहीत, घरीही पाठवत नाहीत. त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आत चाललेलं ऐकायचं आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की आत पाऊल टाकायचं. मध्येच कुठंतरी चौथ्या-पाचव्या मात्रेवर घुसायचं नाही. पहिल्या दिवशी माझ्या नातवाला हे कळलंच नाही, तो गोंधळून दारात उभा राहिला. आतल्या एका मुलीनं हाताची टाळी मोठी करून त्याला सम दाखवली. आता उशीर झालेली मुलं दारात उभी राहून बोटांवर मात्रा मोजताना दिसतात. इतक्या वर्षांत उशिरा येणाऱ्या मुलांना मी ओणवं उभं राहिलेलं पाहिलं, वर्गाबाहेर रडताना पाहिलं, आई-वडिलांच्या चिठ्ठ्या आणताना पाहिलं. उशीर झालेल्या मुलालाही त्या पाच मिनिटांत काहीतरी शिकायला मिळेल अशी सोय मी फक्त इथंच पाहिली.

आणि सव्वासहाला वर्ग सुटतो. हेही तितकंच पक्कं. एखादी तान जमत आलेली असते, मुलं रंगात आलेली असतात, तरी माई तंबोरा खाली ठेवतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “अहो ताई, प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट बघत असतं. त्यांचा वेळ मी कशाला वापरायचा?” शहरातले एक मोठे गृहस्थ एकदा भर वर्गात भेटायला आले. माईंनी त्यांना नमस्कार केला, ओसरीवर बसवलं, सुनेनं त्यांना पाणी दिलं, आणि वर्ग सुटेपर्यंत ते तिथंच बसून राहिले. मुलांनी हे सगळं पाहिलं. आपल्या तासाला एवढी किंमत आहे हे मुलाला सांगून पटत नाही, असं काही बघितलं की पटतं.

आता तक्रारीचा मुद्दा. सव्वा तासाच्या वर्गातली पहिली दहा मिनिटं, कधी पंधरासुद्धा, तंबोरा जुळवण्यात जातात. फी भरणाऱ्या पालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. फडताळात इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे, बटण दाबलं की वाजतो, मग हे कशाला? मला हा प्रश्न रास्त वाटतो, पण उत्तर वर्गातच दिसतं. माईंचा तंबोरा मिरजेचा आहे, जुना. (मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडच्या कारागिरांच्या पिढ्यांचं काम आहे ते.) चार तारा. पहिली पंचमाची (प), मधली दोन जोडीच्या षड्जाच्या (सा), शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या साची. खुंटी पिळायची, खालचा मणी सरकवायचा, घोडीवर तारेखालचा दोरा हलवून जव्हारी, म्हणजे तारेची गुंजन, उघडायची. हे करताना माई एक अक्षर बोलत नाहीत. पंखासुद्धा बंद असतो. मुलं ऐकत बसतात, आणि काही महिन्यांनी तार जुळल्याचं माईंच्या आधी मुलांच्या चेहऱ्यावर दिसायला लागतं. मग आळीपाळीनं एकेकाला मणी सरकवायला मिळतो. माझा नातू, ज्याला घरी जेवणाच्या पानावर दहा मिनिटं बसवत नाही, तो जोडीच्या दोन तारा एक होईपर्यंत श्वास रोखून बसलेला मी बघते. कान तयार व्हायचा वेळ तो हाच. यासाठी पैसे मोजायला माझी काही हरकत नाही.

याआधी आम्ही त्याला दुसऱ्या एका क्लासला घातलं होतं. तिथं तीन महिन्यांचं पॅकेज होतं, शेवटी प्रमाणपत्र आणि व्हॉट्सॲपवर टाकायला व्हिडिओ. मुलगा एक गाणं हातवाऱ्यांसह म्हणायला शिकला. पण बाजूला कुणी वेगळ्या पट्टीत सूर धरला की त्याला स्वतःचा षड्ज सापडायचा नाही. माईंकडे आल्यावर पहिले कित्येक आठवडे त्यानं फक्त सा लावला. मग अलंकार, म्हणजे स्वरांचे ठरावीक पलटे. मग भूप राग, आणि भूप इतका लांबला की जावई म्हणाले, “आई, दुसरा राग नाहीच का?” पाच स्वरांचा राग, सा रे ग प ध, मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य. वरवर अगदी सोपा. पण ग आणि प यांच्यामधली रिकामी जागा न घसरता ओलांडायची, धैवतावर (ध) किती थांबायचं, गंधार (ग) कुठून घ्यायचा, हे मुलाच्या गळ्यात बसायला वेळ लागतो. गणितातही असंच असतं. अपूर्णांक पक्के न करता बीजगणितात ढकललेली मुलं दहावीला कशी अडतात ते मी दर वर्षी पाहत आले.

पहिलं वर्षभर वही नाही. समोर बसायचं, ऐकायचं, म्हणायचं. काही पालकांना हे जुनाट वाटतं. पण माई लिहिण्याच्या विरोधात नाहीत, दुसऱ्या वर्षापासून त्या भातखंडे यांची स्वरलिपी, म्हणजे स्वर लिहून ठेवायची पद्धत, नीट शिकवतात. आधी गळ्यात, मग कागदावर, असा क्रम आहे. ग्वाल्हेर घराण्याची पद्धतही त्या अशीच सहज समजावतात. बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गीताचे, स्थायी आणि अंतरा हे दोन्ही भाग सुरुवातीला पूर्ण म्हणायचे आणि मगच विस्ताराला लागायचं. अंतरा नंतर बघू असं चालत नाही. माझा नातू आता गृहपाठाचं पान सगळं आधी वाचून मग पहिलं उदाहरण सोडवायला घेतो. तो ते इथूनच शिकला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण आधी तो तसं करत नव्हता.

ज्या प्रसंगावरून मी हा वर्ग कायमचा धरला, तो आता सांगते. पावसाळ्याचे दिवस होते. एक आठ वर्षांची मुलगी भूपातला गंधार लावत होती. माईंनी तिला थांबवलं, “वर जातेय गं.” तिनं पुन्हा लावला. पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा मुलीनं सूर मुद्दाम खाली ओढला आणि तिचे डोळे भरून आले. माईंनी मग तंबोरा कानाशी घेतला, जोडीच्या तारा एकेक छेडल्या आणि गप्प झाल्या. तारा उतरल्या होत्या. मुलगी मघाच्या जुळलेल्या षड्जालाच धरून गात होती, म्हणून उतरलेल्या तंबोऱ्यावर तिचा गंधार चढा वाटत होता. माईंनी शांतपणे तंबोरा पुन्हा जुळवला आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाल्या, “बाळ, तू बरोबर होतीस. तार उतरली होती. मी आधी तार बघायला हवी होती, तुला थांबवायला नको होतं.” मग तिला गंधार लावायला सांगितला आणि बाकीच्यांना तिच्या मागून तो म्हणायला लावला.

वर्गासमोर ‘माझं चुकलं’ म्हणणारे शिक्षक मी फार मोजके पाहिले. बहुतेकांना वाटतं की त्यानं धाक जातो. इथं उलटंच झालं. पुढच्याच आठवड्यात एक मोठा मुलगा, जो एरवी चूक दुसऱ्यावर ढकलण्यात पटाईत, स्वतःहून म्हणाला, “माई, माझी टाळी एक मात्रा पुढे गेली.” कुणी त्याला विचारलंही नव्हतं. मुलाचं चारित्र्य घडवायचं म्हणून शाळांमध्ये तक्ते लावतात, सुविचार लिहितात, मीही पुष्कळ लिहिले फळ्यावर. पण मूल बघतं ते मोठ्या माणसाकडे, तो अडचणीत सापडल्यावर काय करतो त्याकडे.

माईंच्या घराबद्दलही लिहायला हवं, कारण वर्ग घरातच भरतो आणि घर मुलांपासून लपवलेलं नाही. शेजारच्या खोलीत काका असतात, त्यांना फारसं चालता येत नाही. येताना प्रत्येक मूल आधी त्यांच्या दारात जाऊन नमस्कार करतं, आणि ते नाव घेऊन विचारतात, “काय रे, आज खाल्लंस का?” त्यांना सगळ्यांची नावं पाठ आहेत. सून शिक्षिका आहे, साडेपाचला परत येते. ती आली की माई मुलांना खुणेनं आवाज हलका करायला सांगतात, ती दहा मिनिटं टेकते तेवढा वेळ. वर्ग सुटल्यावर चहा माई स्वतः करतात आणि पहिला कप सुनेला नेऊन देतात. या घरात सासू शिकवते आणि सून राबते असं चित्र नाही, आणि दर आठवड्याला येणारी मुलं हे पाहत असतात. पाणी प्यायलेला पेला ज्यानं त्यानं विसळून उपडा ठेवायचा. मुलगा असो की मुलगी, डॉक्टरांचा असो की भाजीवाल्याचा.

फीचंही असंच. महिन्याला बाराशे रुपये, आठवड्यातून दोन दिवस. पाकिटात घालून ओसरीवरच्या लाकडी पेटीत टाकायचे, पाकिटावर नाव लिहायचं नाही. कोण किती टाकतं, कोण टाकू शकत नाही, हे मुलांना कधीच कळत नाही, आणि मला वाटतं माईंनाही ते कळून घ्यायचं नसतं. त्यांच्याकडून वर्ग बुडला तर त्या दुसऱ्या दिवशी भरून देतात. मी फीच्या बाबतीत इतकी निर्मळ व्यवस्था दुसरीकडे पाहिलेली नाही. ऑनलाइन पैसे घेत नाहीत, एवढी अडचण लक्षात ठेवा, सुटे पैसे बरोबर न्या.

आता रियाजाची अट, जिच्यामुळे आमच्या घराची संध्याकाळ बदलली. माई म्हणतात, रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळेला, आणि घरातलं एक मोठं माणूस जवळ बसलेलं पाहिजे. त्याला गाता यायची गरज नाही. त्यानं फक्त बसायचं. माझा समज होता की ते काम माझ्यावरच येणार. पण माईंनी विचारलं, “मुलाचे बाबा घरी कधी येतात?” साडेसातला, म्हटलं. “मग पावणेआठला बसा.” जावई थकून येतात, सुरुवातीला नाखूश होते. आता टीव्ही बंद होतो, फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावून फोन विमान-मोडवर टाकला जातो, म्हणजे मध्ये कुणाचा कॉल येत नाही, आणि बाप-लेक समोरासमोर बसतात. मुलगा गातो, बाप मांडीवर तीनतालाचा हात धरतो. चुकलं की मुलगाच बापाला थांबवतो. एरवी त्या दोघांचं दिवसभरात बोलणं काय, तर अभ्यास झाला का आणि जेवलास का. या वीस मिनिटांत मुलाकडे असं काहीतरी असतं जे बापाला येत नाही, आणि बाप ते मुलाकडून शिकतो. मुलाच्या चेहऱ्यावरचा तो रुबाब मला फार आवडतो. माझी मुलगी तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात एकटी निवांत असते, तिला तेही हवंच होतं.

गणिताची बाई म्हणून मला झालेला आनंद वेगळा. सोळा मात्रांच्या तीनतालात पाच मात्रांचा तुकडा तीनदा म्हणून शेवटची मात्रा समेवर आणायची, तर उठायचं कुठून? माईंनी मुलांना उत्तर दिलं नाही, टाळी देत शोधायला लावलं. मुलं पहिल्या मात्रेपासून उठली, समेच्या दोन मात्रा आधीच संपली. दुसरीपासून उठली, एक मात्रा आधी. तिसरीपासून उठली आणि बरोबर समेवर येऊन पडली. पाच त्रिक पंधरा, आणि पुढची सम म्हणजे सोळा संपल्यावरची सतरावी मात्रा. घरी येऊन आम्ही वहीत सात मात्रांचा तुकडा मांडून पाहिला, तर तेरावीपासून उठावं लागतं आणि मध्ये एक समही ओलांडली जाते. सात त्रिक एकवीस. हे उदाहरण मी शाळेत असताना मला माहीत असतं तर किती वर्गांना दिलं असतं.

याच संदर्भात या वर्गातली उणीव सांगते. माई स्वरांमागचं शास्त्र सांगत नाहीत. तारेच्या बरोबर मध्यावर बोट ठेवलं की वरचा षड्ज, दोन तृतीयांश लांबी वाजली की पंचम, हे मी नातवाला घरी एका जुन्या सतारीच्या तारेवर दाखवलं. मुलं विचारायच्या वयात असतात, त्यांना हे सांगायला हवं. ज्या पालकांना जमेल त्यांनी ही बाजू घरी सांभाळावी. दुसरं, मोबाइलवर रेकॉर्ड करायला सक्त मनाई आहे. लहान मुलांच्या बाबतीत मला ते पटतं, रेकॉर्डिंग आहे म्हटलं की ऐकण्याचा नेट कमी होतो. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पुढच्या विद्यार्थ्यांना स्वतःचंच गाणं परत ऐकता आलं तर फायदा होईल असं माझं मत आहे. मी ते माईंना सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं, नियम बदललेला नाही.

परीक्षांबद्दल विचारणारे पालक बरेच असतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांना माई मुलांना बसवतात, पण मुलाची तयारी झाली आहे असं त्यांना वाटेल तेव्हा. वर्षाला एक परीक्षा असा हिशेब नाही. एका मुलीला त्यांनी वर्षभर थांबवलं, आईची नाराजी पत्करली. ज्यांना कॉलेज किंवा पदवीचा रस्ता धरायचा आहे त्यांच्यासाठी ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय आहे, महाराज माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या मदतीनं 1918 मध्ये सुरू केलेलं, आणि आता राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं संगीत विद्यापीठही आहे. माई स्वतःच मोठ्या मुलांना तिकडे पाठवतात. शनिवारी ठेका धरायला जो तबलजी मुलगा येतो, तोही विद्यापीठातच शिकतो.

घरातली तालीम आणि संस्थेतलं शिक्षण हे दोन्ही या शहरानं एकत्र सांभाळलं, याचा मला अभिमान आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशींकडे राहून ग्वाल्हेर घराण्याची ही विद्या शिकले आणि त्यांनी ती महाराष्ट्रात नेली. मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला विद्यालय काढून हेच शिक्षण कुणालाही फी भरून घेता येईल असं केलं. इथं ग्वाल्हेरात कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये आपलं विद्यालय सुरू केलं, ते पुढे त्यांच्या वडिलांच्या नावानं शंकर गंधर्व महाविद्यालय झालं. कृष्णराव 1989 पर्यंत होते. माझ्या वयाच्या ग्वाल्हेरकरांना त्यांचं नाव परक्या इतिहासातलं वाटत नाही. 2023 मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं तेव्हा चौकाचौकात फलक लागले. फलक लागले ते चांगलंच झालं, पण संगीताचं शहर टिकतं ते अशा खोल्यांमुळे.

डिसेंबरात तानसेन समारोहाच्या दिवसांत वर्गाला सुट्टी असते. ती खरी सुट्टी नाही. माई मुलांना हजिऱ्याला, तानसेनांच्या समाधीच्या जागी, घेऊन जातात, पहिल्या सकाळी, समाधीवर ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद (मुस्लिम परंपरेतलं स्तुतिपठण) होतात त्या वेळेला. मुलांनी आधी हे दोन्ही ऐकावं आणि मग मोठ्या गवयांच्या सभेला बसावं असा त्यांचा आग्रह आहे. पालकांनीही यायचं. डबा घरून आणायचा, आणि सभा चालू असताना खायचं नाही. 2024 साली समारोहाचं शंभरावं वर्ष होतं, तेव्हा गर्दी इतकी होती की मुलांना सांभाळताना आमची दमछाक झाली, पण एकही मूल मध्ये उठलं नाही. तंबोरा जुळताना गप्प बसायची सवय तिथं उपयोगी पडली.

सकाळचे राग शिकवायचे असले की माई रविवारी सातला बोलावतात. अल्हैया बिलावल संध्याकाळच्या वर्गात त्या शिकवत नाहीत. जानेवारीत ग्वाल्हेरचं धुकं माहीत असेल तर यातला त्रास कळेल, समोरचा माणूस दिसत नाही, स्कूटर ढकलत न्यावी लागते. मुलं येतात. माई त्या दिवशी गजक, म्हणजे तिळाची वडी, ठेवतात, गाणं झाल्यावर प्रत्येकाला एक तुकडा.

सोयीच्या बाबी थोडक्यात. गल्ली अरुंद आहे, चारचाकी आत जात नाही. मुख्य रस्त्याला गाडी लावून चालत जावं लागतं, पावसात चिखल असतो. जिना उभा आणि अंधारा आहे, गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांनी बरोबर कुणाला तरी घ्यावं. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा, खोली फार तापते. कूलर आहे, पण त्याच्या आवाजात सूर ऐकू येत नाही म्हणून वर्ग चालू असताना बंद असतो. लहान मुलांना पाण्याची बाटली आणि सुती कपडे द्या. उन्हाळ्यात वर्गाची वेळ सकाळी करावी असं मी सुचवलं होतं आणि गेल्या उन्हाळ्यापासून ती सकाळी झाली, हे कौतुकानं नोंदवते. ऑनलाइन वर्ग नाहीत. सिनेमाची गाणी, भावगीतं इथं शिकवली जात नाहीत, पण मुलं ती घरी म्हणतात याला माईंचा विरोध नाही. वाढदिवसाला एखाद्या मुलानं आवडतं गाणं म्हटलं तर त्या मन लावून ऐकतात.

टीव्हीवरच्या स्पर्धेसाठी मूल तयार करून हवं असेल तर दुसरीकडे जा, इथं तुमची निराशा होईल आणि मुलाचीही ओढाताण. मूल चंचल आहे, एका जागी बसत नाही, म्हणून कचरत असाल तर मात्र जरूर या. माझा नातू तसाच होता आणि बऱ्याच बाबतीत अजूनही आहे. ज्या घरात संध्याकाळी वीस मिनिटं द्यायला कुणालाच सवड नाही, त्या घरानं आधी ती सवड काढावी आणि मग प्रवेशाचं बघावं, कारण माई पहिल्या भेटीत तेच विचारतात. मुलाचा आवाज त्या नंतर ऐकतात.

नवी मुलं गुरुपौर्णिमेनंतर घेतली जातात. फोनवर चौकशी करायची पद्धत नाही. शनिवारी पाचच्या आधी मुलाला घेऊन जायचं, एक पूर्ण वर्ग दोघांनी बसून ऐकायचा, आणि सुटल्यावर बोलायचं. काकांना नमस्कार करायला विसरू नका.